नवं ल्यूर चालतं, तीन आठवड्यांत सापळा रिकामा: फेरोमोन उडालं, बिघडलं की अडकलं?

ही तक्रार इतक्या वेळा आणि इतक्या सारख्या शब्दांत येते की तिचं एकदा नीट उत्तर लिहायलाच हवं. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादी पतंगाच्या गंधाने (फेरोमोनने) नरांना ओढणाऱ्या सापळ्यात, नवं ल्यूर म्हणजे फेरोमोन भरलेली गोळी लावली की पहिले आठ-दहा दिवस पतंग भरपूर येतात. मग संख्या घसरत जाते आणि तिसऱ्या आठवड्यात सापळा जवळजवळ कोरडा. पिकावर मात्र ताजी अंडी दिसतात, बारीक अळ्या दिसतात. म्हणजे पतंग आहेत, ते सापळ्याकडे येत नाहीत.

यावर सगळ्यात जास्त केला जाणारा उपाय म्हणजे पुढच्या खेपेत फेरोमोनची मात्रा दुप्पट करणं. त्याने फारसं काही साधत नाही, आणि का साधत नाही हे साध्या हिशेबात कळतं. रबर सेप्टामधून, म्हणजे ज्या रबरी गोळीत ते भरतात तिच्यातून, फेरोमोन बाहेर पडतं ते शिल्लक साठ्याच्या प्रमाणात. साठा जास्त असेल तर जास्त वेगाने, कमी झाला की हळू. त्यामुळे निम्मा साठा संपायला जो काळ लागतो (अर्धायुष्य) तो मात्रेवर अवलंबून नसतो. मात्रा दुप्पट केली तर ल्यूरचं आयुष्य दुप्पट होत नाही, त्यात फक्त एका अर्धायुष्याची भर पडते. अर्धायुष्य पाच दिवसांचं असेल, तर दुप्पट पैसे ओतून पाच दिवस मिळाले. शिवाय सुरुवातीचा गंध गरजेपेक्षा तीव्र झाला तर काही जातींचे नर सापळ्याजवळ येऊनही आत शिरत नाहीत.

मात्रेला हात लावण्याआधी एकच गोष्ट ठरवायची. फेरोमोन उडून गेलं, आतच राहून बिघडलं, की आहे तसं शाबूत आहे पण बाहेर पडत नाही? सापळ्यात तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. इलाज मात्र तिघांचे वेगवेगळे आहेत, आणि एकाचा इलाज दुसऱ्यावर केला तर कधी कधी नुकसानच होतं.

आधी ल्यूरच दोषी आहे का ते पाहा

पतंगांच्या दोन पिढ्यांमध्ये संख्या आपोआप खाली येते. प्रादुर्भाव खूप वाढला की शेतातल्या खऱ्या माद्यांचा गंध सापळ्याशी स्पर्धा करतो आणि नर विभागले जातात. चिकट सापळ्यात तळावर पंखांचे खवले आणि धूळ बसली की पतंग येऊनही चिकटत नाही. हे सगळं एका चाचणीत बाजूला काढता येतं. त्याच शेतात, सारख्या सापळ्यांत तीन गोष्टी लावा: शीतपेटीतून काढलेलं ताजं ल्यूर, तीन आठवडे शेतात राहिलेलं ल्यूर आणि फेरोमोन न भरलेली कोरी गोळी. प्रत्येक तपासणीच्या वेळी सापळ्यांच्या जागा आपसात बदला, नाहीतर बांधाकडचा सापळा आणि मधला सापळा यांतला फरक तुम्ही ल्यूरच्या माथी माराल. ताज्यात पतंग आणि जुन्यात नाहीत, असं आलं तर पुढे वाचा. दोन्हींत नसतील तर एकतर पतंगच नाहीत, किंवा संपूर्ण खेप मुळातच खराब आहे.

टक्केवारी पाहून फसू नका

इथे मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण बहुतेक चुकीची निदानं याच टप्प्यावर होतात.

जुनी गोळी प्रयोगशाळेत येते. ती कापून हेक्झेन या द्रावकात भिजवतात, द्रावण गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे घटक वेगळे करून प्रत्येकाचं शिखर आलेखावर दाखवणाऱ्या यंत्रात, सोडतात आणि अहवाल येतो: शुद्धता ९६ टक्के. सगळे निश्चिंत होतात आणि दोष हवामानावर जातो. पण ती ९६ टक्के शुद्धता कशाची? जे जे यंत्रातून बाहेर आलं आणि ज्याचं शिखर दिसलं, त्या सगळ्यांतला तो वाटा आहे. समजा गोळीत २ मिलिग्रॅम फेरोमोन भरलं होतं आणि आता अर्धा मिलिग्रॅम उरलंय. त्या अर्ध्या मिलिग्रॅमची शुद्धता ९६ टक्के असू शकते. उरलेल्या दीड मिलिग्रॅमबद्दल अहवाल गप्प आहे. ते हवेत गेलं असेल, किंवा अशा रूपात बदललं असेल जे यंत्राला दिसतच नाही. ॲल्डिहाइडचं (अनेक फेरोमोन या रासायनिक गटातली असतात) आम्ल झालं की ते साध्या अध्रुवीय कॉलमवर पसरट, लांबट शिखर देतं आणि पार्श्वभूमीत हरवतं. तीन रेणू जोडून झालेला त्रिमर इतका जड असतो की नेहमीच्या तापमानाला कॉलममधून बाहेरच येत नाही. कधी तर तो तापलेल्या इंजेक्टरमध्येच फुटून पुन्हा ॲल्डिहाइड होतो आणि बिघडलेला माल चांगला असल्याचं भासवतो.

म्हणून दोन गोष्टींचा आग्रह धरा. गोळी भिजवण्याआधीच त्यात अंतर्गत मानक मोजून घाला, म्हणजे मिश्रणात नसलेला आणि शिखर स्पष्ट वेगळं येणारा एखादा पदार्थ. उत्तर टक्क्यांत नको, मिलिग्रॅममध्ये घ्या. त्याच दिवशी ताज्या गोळीत ठरावीक मात्रा भरून तीसुद्धा त्याच पद्धतीने काढा, म्हणजे रबरात अडकून किती मागे राहतं तेही कळेल. दुसरं म्हणजे हवेत किती जातंय ते मोजा. ल्यूर काचेच्या नळीत ठेवून त्यावरून कोळशाने शुद्ध केलेली हवा ठरावीक वेगाने सोडायची आणि पुढे पोरापाकसारख्या शोषकावर गंध पकडून तो मोजायचा.

आता हिशेब मांडा. भरलेलं वजा उरलेलं वजा हवेत गेलेलं. हा आकडा शून्याजवळ असेल आणि उरलेलं कमी असेल, तर फेरोमोन उडालं. त्यात रसायनशास्त्राचा दोष नाही, गोळीचं द्रव्य बदला. आकडा मोठा असेल तर तेवढं बिघडलं. उरलेलं भरपूर, घटकांचं प्रमाण ठीक, पण हवेत जवळजवळ काहीच जात नसेल, तर ते अडकलंय: पृष्ठभागावर साय धरली आहे, द्रव्य फार घट्ट आहे किंवा रात्री फार थंड आहेत. हा तिसरा प्रकार लोक विसरतात. दर १० अंश सेल्सिअसला गंध सुटण्याचा वेग ढोबळमानाने दोन ते तीन पट बदलतो. उन्हाळ्यासाठी जुळवलेलं ल्यूर हिवाळ्यात मुकं वाटतं ते यामुळेच. त्यात अँटिऑक्सिडंट (ऑक्सिजनचा हल्ला रोखणारा पदार्थ) वाढवून काडीचा फरक पडणार नाही.

बिघाड असेल तर रेणूकडे पाहा

ॲल्डिहाइडं सगळ्यात नाजूक. घाटेअळीच्या पतंगाचं फेरोमोन म्हणजे मुख्यतः झेड-११-हेक्झाडेसिनॅल आणि सोबत थोडं झेड-९-हेक्झाडेसिनॅल, प्रमाण साधारण ९७ ला ३. (नावातला आकडा म्हणजे दुहेरी बंधाची जागा, झेड किंवा ई म्हणजे त्याचं वळण.) भातावरच्या पिवळ्या खोडकिड्यात हेच दोन रेणू साधारण ३ ला १ या प्रमाणात असतात. हवेतला ऑक्सिजन ॲल्डिहाइडवर बसला की आधी परआम्ल बनतं, ते शेजारच्या ॲल्डिहाइडशी भिडतं आणि दोन्हींचं आम्ल होतं. ही साखळी आहे. एकदा सुरू झाली की स्वतःला पुढे रेटत राहते. सुरुवातीला काही काळ काहीच घडत नाही असं वाटतं आणि मग घसरण एकदम वेगाने होते. तेल खवट होतं ते याच जातीच्या साखळीने. पुढचं संकट असं की तयार झालेलं आम्ल त्रिमर बनण्याला चालना देतं. म्हणजे पहिला बिघाड दुसऱ्याला वाट करून देतो. कुपीतला द्रव खोलीच्या तापमानाला आल्यावरही पूर्वीपेक्षा घट्ट, चिकट वाटत असेल तर तो गोळीत भरूच नका.

ॲल्डिहाइडबाबत आणखी एक तपासणी कच्च्या मालाचीच करा. हे रेणू बहुतेकदा त्याच साखळीच्या अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण करून बनवतात, त्यामुळे थोडं अल्कोहोल मागे राहू शकतं. घाटेअळीच्या बाबतीत झेड-११-हेक्झाडेसिनॉल हे नराला दूर ठेवणारं आहे. त्याचा अंश ठरावीक मर्यादेपुढे गेला की उत्तम टिकलेलं ल्यूरसुद्धा पतंग धरत नाही. हा टिकाऊपणाचा प्रश्न नाही, पण तक्रार मात्र टिकाऊपणाची म्हणूनच येते.

दुसरा नाजूक गट म्हणजे एकाआड एक दुहेरी बंध असलेले रेणू. १९५९ साली बुटेनान्ट यांच्या गटाने रेशीमपतंगातून वेगळं केलेलं बॉम्बिकॉल, म्हणजे रचना उलगडलेलं पहिलं फेरोमोन, याच घडणीचं आहे. सफरचंदावरच्या कॉडलिंग पतंगाचं कॉडलमोनही तसंच. इथे रेणू मोडत नाही, नुसता वळतो. ई-ई रचनेचा काही भाग ई-झेड, झेड-ई, झेड-झेड होतो. वस्तुमान तेच, साखळीची लांबी तीच, पण नराच्या मिशीला तो वेगळा गंध असतो. प्रकाश हे घडवतो, आम्लाचा अंश घडवतो आणि गंधकाचे मुक्त कणही घडवतात. रबर सेप्टा गंधकाने पक्कं केलेलं असतं, तेव्हा ज्या गोळीने फेरोमोनला आसरा द्यायचा तीच त्याला आतून वळवत असते. मिश्रण काचेच्या बंद कुपीत शाबूत आणि गोळीत बिघडत असेल, तर संशय रबरावर घ्या. भरण्याआधी रिकामे सेप्टा द्रावकात उकळून धुऊन पूर्ण वाळवा, आणि तरीही जमलं नाही तर हॅलोब्युटिल रबर किंवा पॉलिएथिलीनची कुपी वापरून बघा. कॉडलमोनसाठी लाल नैसर्गिक रबरापेक्षा करडं हॅलोब्युटिल बरं ठरतं.

रेणूची मांडणी पाहून दुखणं आधीच ओळखता येतं, आणि याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. स्पोडोप्टेरा लिट्युरा या पानं खाणाऱ्या अळीच्या मिश्रणात मुख्य घटक झेड-९, ई-११ आणि दुय्यम घटक झेड-९, ई-१२ टेट्राडेकाडायेनिल ॲसिटेट असतो. पहिल्यात दुहेरी बंध एकाआड एक आहेत, म्हणून तो प्रकाशाने वळतो. दुसऱ्यात दोन बंधांच्या मधोमध एकच कार्बन आहे. त्याचा हायड्रोजन अतिशय सैल असतो, म्हणून तो ऑक्सिजनला आधी बळी पडतो. एकाच गोळीतले दोन शेजारी, दोघांचे शत्रू निराळे. एकाचीच काळजी घेतली तर प्रमाण सरकतं आणि पतंगाला प्रमाणच कळतं. याउलट गुलाबी बोंडअळीचं गॉसिप्ल्यूर. त्यातले बंध ७ आणि ११ या जागांवर, मध्ये दोन कार्बन, त्यामुळे दोन्ही दुखण्यांपासून ते बरंच लांब राहतं. नर-मादी मीलनात अडथळा आणण्यासाठी अमेरिकेत १९७८ साली पहिली नोंदणी झाली ती याचीच.

एकच दुहेरी बंध असलेली ॲसिटेटं बरीच सोशीक असतात. त्यांचा प्रश्न बहुधा उडण्याचा. मिश्रणात १२ कार्बनी आणि १४ कार्बनी ॲसिटेट एकत्र असतील (अमेरिकन लष्करी अळीच्या ल्यूरमध्ये असतात), तर लहान साखळी कित्येक पट वेगाने निघून जाते. दोन कार्बनांच्या फरकाने बाष्पदाब साधारण दहा पटींनी बदलतो. त्यामुळे भरलेलं प्रमाण आणि हवेतलं प्रमाण कधीच एक नसतं, आणि दिवसागणिक ते आणखी बदलत जातं. इथे अँटिऑक्सिडंटचा उपयोग नाही. हवेतलं प्रमाण मोजूनच भरायचं प्रमाण ठरवा, आणि फारच फरक असेल तर दोन घटक दोन वेगळ्या कुप्यांत ठेवा.

फळमाशीच्या नरांना ओढणारं क्यूल्यूर हे तांत्रिकदृष्ट्या फेरोमोन नाही, पण तक्रार तीच येते. ते ओलाव्याने फुटतं आणि रास्पबेरी कीटोन होतं, जो कमी उडतो. त्याला कोरडं ठेवणं हाच इलाज.

कारण वेगळं काढायची एक सोपी चाचणी

महागडी यंत्रं नसतील तरी हे जमतं. एकाच खेपेचं फेरोमोन चार काचेच्या कुप्यांत घ्या. एकीत नायट्रोजन भरून काळोखात, दुसरीत हवा ठेवून काळोखात, तिसरीत नायट्रोजन भरून उजेडात, चौथीत हवा आणि काळोखच, पण सोबत कोऱ्या सेप्टाचे तुकडे. सगळ्या ४० अंशांना ठेवा आणि आठवड्याला थोडं थोडं काढून तपासायला पाठवा. पहिली शाबूत आणि दुसरी बिघडली तर दोष ऑक्सिजनचा. तिसरी बिघडली तर प्रकाशाचा. दुसरी टिकली आणि चौथी बिघडली तर गोळीच्या द्रव्याचा. पहिलीच बिघडली तर माल आल्यापासूनच त्यात आम्ल, धातूचे कण किंवा पेरॉक्साइड आहे. पुढचं काहीही करण्याआधी तो माल बदला किंवा शुद्ध करून घ्या. घाईने ६०-७० अंशांना चाचणी उरकू नका. त्या तापमानाला अशा प्रतिक्रिया सुरू होतात ज्या शेतात कधीच होत नाहीत, आणि अँटिऑक्सिडंटही तिथे वेगळं वागतो.

अँटिऑक्सिडंट घातला, तरी बिघडतंय

बीएचटी हा अँटिऑक्सिडंट सगळेच घालतात, बहुधा फेरोमोनच्या वजनाच्या ५ ते १० टक्के. तो साखळी तोडतो, पण प्रत्येक तोडीत स्वतः खर्ची पडतो. त्यात तो स्वतःही उडतो. त्याचा रेणू लहान आहे. हेक्झाडेसिनॅलसारख्या जड, हळू निघणाऱ्या घटकाच्या आधीच बीएचटी गोळी सोडून जाऊ शकतो आणि उरलेलं ॲल्डिहाइड उघड्यावर पडतं. तिसऱ्या आठवड्यातली ती एकदम झालेली घसरण अनेकदा इथूनच येते. जुन्या गोळीत बीएचटी किती उरला तेही मोजा. तो संपला असेल तर मात्रा वाढवण्यापेक्षा जोडीला न उडणारा, जड फिनॉलिक अँटिऑक्सिडंट घ्या. टोकोफेरॉल चालतो, पण तो फार झाला तर उलट ऑक्सिडीकरणाला हातभार लावतो, म्हणून सढळ हाताने नको.

अँटिऑक्सिडंट प्रकाश थांबवत नाही, हेही वारंवार सांगावं लागतं. एकाआड एक असलेल्या दुहेरी बंधांसाठी बेन्झोफेनोन जातीचा अतिनील शोषक लागतो, किंवा अपारदर्शक, रंगद्रव्य घातलेली कुपी. सापळ्याच्या छपराखाली बसणाऱ्या ल्यूरला निम्मं संरक्षण फुकट मिळतं. फांदीला बांधायच्या डिस्पेन्सरला (गंध सोडणाऱ्या कुपीला) ते मिळत नाही, म्हणून एकासाठी चाललेली कृती दुसऱ्यासाठी जशीच्या तशी उचलू नका.

सूक्ष्मकुप्या आणि मेणाची मिश्रणं

फवारता येणाऱ्या सूक्ष्मकुप्यांमध्ये पृष्ठभाग प्रचंड वाढतो, म्हणून ऑक्सिजन आणि प्रकाश दोन्हींचा मारा वाढतो. त्याहून गंभीर गोष्ट कुपी बनतानाच घडते. पॉलियुरियाची भिंत आयसोसायनेट आणि अमाइन यांच्यापासून बनते. फेरोमोन अल्कोहोल असेल तर आयसोसायनेट त्यालाच धरतं. ॲल्डिहाइड असेल तर अमाइन त्याच्याशी जोडलं जातं. भरलेल्या मालातला मोठा वाटा पहिल्याच दिवशी गायब दिसला तर साठवणुकीला दोष देऊ नका, भिंतीचं रसायन बदला. हेलिओथिस गटातल्या (घाटेअळीच्या नात्यातल्या) पतंगांच्या मीलनात अडथळा आणण्यासाठी ॲल्डिहाइडऐवजी झेड-९-टेट्राडेसिनिल फॉर्मेट हा जास्त टिकाऊ तोतया वापरून पाहिला गेला आहे. गोंधळ उडवायला तो उपयोगी पडतो, सापळ्यात ओढायला मात्र खरा रेणूच हवा.

मेणाच्या पाणीदार मिश्रणात सामू सातच्या आसपास ठेवा. अल्कधर्मी झालं तर ॲसिटेट फुटतात आणि ॲल्डिहाइडं आपसात जुळतात, आम्लधर्मी झालं तर त्रिमर होतात. पाणी लोह-तांब्यापासून मुक्त असू द्या.

भरताना आणि साठवताना

डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्म जुना झाला की त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचा अंश येतो, आणि ईथर जुना झाला की पेरॉक्साइड. भरण्यासाठी ताजं हेक्झेन घ्या. शुद्ध माल वजा २० अंशांना, छोट्या छोट्या कुप्यांत, वर नायट्रोजन किंवा आर्गॉन भरून ठेवा. एकच मोठी बाटली रोज उघडली की रोज नवा ऑक्सिजन आत जातो. थंड कुपी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आतल्या भिंतीवर दव धरतं.

तयार ल्यूर साध्या पॉलिथिनच्या पिशवीत ठेवू नका. पॉलिथिन फेरोमोनला अडवत नाही. दोन जातींचे ल्यूर एकाच डब्यात असले तर महिनाभरात एकाचा गंध दुसऱ्यात मुरतो, आणि एका जातीचा गंध दुसरीला नकोसा असणं ही पतंगांत सर्रास आढळणारी गोष्ट आहे. ॲल्युमिनियमचं अस्तर असलेलं, उष्णतेने बंद केलेलं पाकीट वापरा, जातीनिहाय डबे वेगळे ठेवा आणि जात बदलताना हातमोजे बदला. प्रत्येक खेपेची काही पाकिटं राखून ठेवा. तक्रार आली की शेतातल्या गोळीची तुलना करायला तेवढाच खात्रीचा आधार असतो.

आणि आत्ता हातात असलेल्या जुन्या, निस्तेज गोळ्यांचं काय करायचं, हे हमखास विचारलं जातं. त्यांवर नवं द्रावण टाकून त्या पुन्हा वापरू नका. जुन्या रबरात पेरॉक्साइड आणि आम्ल मुरलेलं असतं. नवं फेरोमोन त्यात पडलं की सुरुवातीचा तो शांत काळ मिळतच नाही, साखळी पहिल्या दिवसापासून सुरू होते. काही गोळ्या तपासणीसाठी वेगळ्या पाकिटात घालून शीतपेटीत ठेवा. बाकीच्या शेतापासून दूर नष्ट करा, सापळ्याजवळ टाकून देऊ नका, कारण उरलेला अंधुक गंध नव्या ल्यूरच्या भोवती घोटाळत राहतो आणि पुढच्या आठवड्याची मोजणी बिघडवतो.